पांढरीच्या पोटातले देव

गावची जमीन दोन रंगांत ओळखायची आपल्याकडे जुनी रीत आहे. पीक देते ती काळी, वस्ती पेलते ती पांढरी. पिढ्यान्‌पिढ्यांच्या चुलींची राख, पडलेल्या भिंतींची माती, गोठ्यातलं शेण, फुटकी खापरं असं सगळं एकावर एक साचत जातं आणि घरांखालची जमीन भुरकट होत होत उंच होते. तापी, गिरणा, पांझरा, बोरी, गोमाई यांच्या काठाने चाललं की अशा पांढरी खानदेशात जागोजाग दिसतात. काहींवर आजही गाव नांदतं आहे. काही इतक्या जुन्या काळी ओस पडल्या की तिथे गाव होतं ही आठवणही उरलेली नाही.

१९५५ साली भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याच्या बी. के. थापर यांनी प्रकाशे येथली पांढर खणायला घेतली. तापी आणि गोमाई यांच्या संगमावरचं हे गाव तेव्हा पश्चिम खानदेशात होतं, पुढे धुळे जिल्ह्यात राहिलं, १९९८ पासून नंदुरबार जिल्ह्यात आहे. केदारेश्वर आणि पुष्पदंतेश्वर यांची ही जागा दक्षिणकाशी म्हणून ओळखली जाते, सिंहस्थात इथे भाविकांची रीघ लागते. थापरांचं खणणं या देवांच्या काळापाशी थांबलं नाही. थरामागून थर उतरत ते तळाशी पोचले, तेव्हा तिथे तांबं आणि गारगोटीची पाती वापरणाऱ्या शेतकऱ्यांची वस्ती निघाली. तिचा काळ इ.स.पू. दुसऱ्या सहस्रकाचा होता. लगेच १९५६-५७ मध्ये म. न. देशपांडे यांनी चाळीसगाव तालुक्यात गिरणेकाठी बहाळची पांढर खणली आणि नदीपलीकडे टेकवाडे येथे त्याच काळातल्या माणसांची दफनं उघडी केली. काही मृत खड्ड्यात ठेवलेले होते, काही मडक्यांत. पुढे तापीकाठच्या सावळदे गावाच्या नावाने एक संस्कृतीच ओळखली जाऊ लागली. १९८०च्या दशकात पुण्याच्या डेक्कन कॉलेजने साक्री तालुक्यात कान नदीवरच्या कावठे गावी याच सावळदा संस्कृतीची मोठी वस्ती खणून काढली. जमिनीत खड्डा खोदून, वर कुडाचा आडोसा करून राहणारी ती माणसं होती. खानदेशातल्या पहिल्या शेतकऱ्यांपैकी ती असावीत.

त्यांची खापरं आपल्याला सापडली, हत्यारं सापडली, त्यांनी खाल्लेल्या जनावरांची हाडं सापडली. पण मग मनात प्रश्न येतो की या माणसांचे देव कोणते होते? पावसासाठी ती कोणापुढे हात जोडत? बाळंतीण अडली की कोणाचं नाव घेत? मेलेलं माणूस कुठे जातं असं त्यांना वाटे? त्यांना लिपी नव्हती, म्हणून एकाही देवाचं नाव आपल्यापर्यंत पोचलेलं नाही. हे मौन समजून घ्यायचं तर त्याच काळात ज्यांनी आपल्या देवांची नावं मातीच्या पाट्यांवर लिहून ठेवली, त्यांच्याकडे आधी जायला हवं.

ज्यांनी नावं लिहून ठेवली

तापीकाठी सावळद्याची मडकी भाजली जात होती, त्या सुमारास म्हणजे इ.स.पू. २१०० च्या आसपास, आजच्या इराकच्या दक्षिण भागात उर नावाच्या नगरात राजा उर-नम्मू चंद्रदेव नन्नासाठी विटांचा प्रचंड पायऱ्यांचा मनोरा बांधत होता. युफ्रेटिस आणि टायग्रिस या दोन नद्यांच्या गाळावर वसलेला तो प्रदेश म्हणजे सुमेर. तिथे दगड नव्हता, मोठं लाकूड नव्हतं, होती ती माती आणि लव्हाळी. मातीच्या त्यांनी विटा केल्या आणि पाट्याही केल्या. लव्हाळ्याच्या बोरूने ओल्या मातीवर खुणा उमटवल्या आणि जगातल्या सर्वांत जुन्या लिप्यांपैकी एक घडवली. शुरुप्पाक नगरातल्या, इ.स.पू. २६०० च्या सुमाराच्या पाट्यांवर पाचशेहून अधिक देवांची यादी मिळाली आहे.

त्या गर्दीत काही देव मोठे होते. आकाशाचा अन हा सगळ्यांचा वडील. वारा आणि सत्ता यांचा स्वामी एन्लिल, त्याचं पीठ निप्पूर. गोड्या पाण्याचा आणि शहाणपणाचा देव एन्की, त्याचं घर एरिडू. डोंगरमाता निन्हुरसग ही प्रसूतीची देवी. नन्ना हा चंद्र, उतू हा सूर्य आणि न्यायाधीश. या सगळ्यांत तेजस्वी होती ती उरुकची इनन्ना. प्रेम आणि युद्ध या दोन्हींची ती देवी, शुक्राची चांदणी हे तिचं रूप.

प्रत्येक नगर एका देवाच्या मालकीचं होतं आणि राजा हा त्या देवाचा कारभारी. देऊळ हे देवाचं राहतं घर. मूर्तीला स्नान घालायचं, वस्त्रं नेसवायची, ठरल्या वेळी नैवेद्य दाखवायचा, गाणं-वाजवणं ऐकवायचं, सणाला नावेत बसवून दुसऱ्या देवाच्या भेटीला न्यायचं. पंढरपूरची काकडआरती, महापूजा आणि शेजारती पाहिलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. देवाला माणसासारखं जपायचं ही वृत्ती किती जुनी आहे, एवढं मात्र त्यावरून ध्यानात येतं.

हे सगळं कशासाठी, याचं उत्तर त्यांच्या एका कथेत आहे. आरंभी देवांनाच कालवे उपसावे लागत, कष्ट करावे लागत. ते कंटाळले, कुरकुरू लागले. तेव्हा एन्कीने मातीचा माणूस घडवून घेतला आणि कष्टाचा भार त्याच्यावर दिला. ज्या देशात दर वर्षी कालव्यांतला गाळ काढला नाही तर पीक बुडतं, त्या देशाला सुचलेली ही सृष्टीची कथा आहे. माणूस देवाचा गडी आणि शेत देवाचं.

मोठे देव असे दूरचे, दरबारातले. साध्या माणसाचा भरवसा आपल्या घराण्याच्या देवावर असे. बापाकडून मुलाकडे येणारा, घराकडे लक्ष ठेवणारा, मोठ्या देवापुढे आपली बाजू मांडणारा असा हा देव. आपल्या कुलदैवताशी हे नातं किती जवळचं आहे! सुमेरी मुद्रांवर एक चित्र पुन्हा पुन्हा येतं. एक धाकटी देवी भक्ताचा हात धरून त्याला सिंहासनावरच्या थोर देवापुढे नेते आहे. बगदादजवळच्या तेल अस्मार येथे देवळाच्या जमिनीखाली पुरून ठेवलेल्या बारा मूर्ती १९३०च्या दशकात सापडल्या. छातीशी हात जुळवलेल्या आणि मोठाले डोळे उघडून पाहणाऱ्या या मूर्ती भक्तांनी वाहिलेल्या होत्या. स्वतः शेतावर असलं तरी देवळात आपली मूर्ती देवापुढे उभी असावी, ही त्यामागची श्रद्धा. आपल्याकडे नवसाचा पाळणा देवळात टांगणारी माय याच विश्वासाने घरी परतते.

लाल मण्यांची वाट

सुमेर आणि भारत एकमेकांना अनोळखी नव्हते. सुमेरच्या शेजारच्या अक्कादचा राजा सारगॉन, इ.स.पू. २३०० च्या सुमाराचा. मेलुहा देशाची जहाजं आपल्या धक्क्याला लागतात, असं त्याने अभिमानाने कोरून ठेवलं. मेलुहा म्हणजे सिंधू संस्कृतीचा प्रदेश, असं बहुतेक अभ्यासक मानतात. मेलुहाची भाषा जाणणाऱ्या एका दुभाष्याची मुद्रा उपलब्ध आहे. लगाश नगराचा राजा गुडेआ याला स्वप्नात निंगिर्सू देवाने आपलं देऊळ बांधायला सांगितलं, नान्शे देवीने त्या स्वप्नाचा अर्थ उलगडून दाखवला. ही कथा ज्या दोन मोठ्या मातीच्या नळकांड्यांवर लिहिलेली आहे, त्यांत देवळासाठी मेलुहाहून लाल कार्नेलियन आल्याचा उल्लेख आहे.

हा लाल दगड म्हणजे आपल्या अकिकाचाच भाऊबंद. दख्खनच्या काळ्या पाषाणातल्या पोकळ्यांत तो तयार होतो. खाली तापी-नर्मदेच्या मुखाकडच्या गुजरातेत राजपिपळ्याजवळ रतनपूरला त्याच्या जुन्या खाणी आहेत. हडप्पा संस्कृतीचे मणी घडवणारे कारागीर हा कच्चा माल मुख्यतः गुजरातेतून मिळवत. खानदेशच्या ताम्रपाषाणयुगीन शेतकऱ्यांच्या गळ्यातही असेच मणी होते. एकाच जातीचा दगड तिकडे देवळाची शोभा झाला आणि इकडे कुडाच्या झोपडीतल्या बाईच्या गळ्यात पडला. उत्तर हडप्पा काळात तर सिंधूकडची माणसं स्वतःच दक्षिणेला सरकली. तापी खोऱ्यात त्यांच्या छोट्या वस्त्या एस. ए. साळी यांनी शोधून काढल्या.

यावरून एक मोह होतो. सुमेरी देवच इथे आले, किंवा इथले देवच तिकडे गेले, असं म्हणून टाकावं. थोरामोठ्यांनीही या प्रश्नाचा ध्यास घेतला होता. लोकमान्य टिळकांनी १९१७ साली भांडारकर गौरवग्रंथासाठी खाल्डियन आणि भारतीय वेदांवर इंग्रजीत लेख लिहिला. अथर्ववेदातल्या सर्पविषाच्या मंत्रात तैमात, आलिगी, विलिगी, उरुगूला असे परके वाटणारे शब्द येतात. त्यांतला तैमात म्हणजे बाबिलोनी कथेतली समुद्रसर्पिणी तियामत, असं टिळकांनी सुचवलं. सुमेरी अब्झू म्हणजे भूमीखालचं पाणी, त्याची जोडही त्यांनी वैदिक शब्दांशी लावून पाहिली. यातल्या प्रत्येक व्युत्पत्तीवर पंडितांचं एकमत नाही. पण दोन जुनी जगं एकमेकांचं ऐकत होती, हा टिळकांचा मुद्दा मेलुहाच्या जहाजांनी खरा ठरवला आहे.

शब्द ऐकले, मणी दिले-घेतले, म्हणजे देव एक झाले असं मात्र होत नाही. सुमेरशी आपली तुलना नात्यासाठी नको. एकाच भीतीला आणि एकाच मायेला दोन ठिकाणच्या माणसांनी काय उत्तर दिलं, हे पाहण्यासाठी ती हवी. ते सगळ्यांत स्पष्ट दिसतं मृत्यूपाशी.

मडक्यातली लेकरं

टेकवाड्याच्या दफनांचा पूर्ण अर्थ लागायला आणखी काही वर्षं जावी लागली. प्रवरेकाठच्या नेवाशाला आणि घोड नदीवरच्या इनामगावला, म्हणजे पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यात, मोठी उत्खननं झाली. इनामगावचं काम १९६८ पासून १९८०च्या दशकापर्यंत चाललं. ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर आणि झैनुद्दीन अन्सारी यांनी ते केलं. खानदेशात प्रकाशे आणि बहाळला जी जोर्वे संस्कृती सापडली, तिचंच हे दक्षिणेकडचं गाव. इथे दोनशेहून अधिक दफनं मिळाली आणि त्या माणसांची रीत लख्ख दिसली.

लहान मूल गेलं की त्याला दोन मडक्यांत ठेवत. दोन्ही मडक्यांची तोंडं एकमेकांना लावून ती आडवी पुरत. जागा कुठली? घराच्या जमिनीखाली किंवा अंगणात. शेजारी पाण्यासाठी तोटीचं भांडं आणि एखादा वाडगा. नेवाशाच्या एका मुलाच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ होती. मण्यांच्या आत दोऱ्याचे तंतू टिकून राहिले होते, ते कापूस आणि रेशमाचे निघाले. मोठ्या माणसाला उताणं निजवत, डोकं उत्तरेला. इनामगावात बहुतेक प्रौढांचे पाय घोट्यापासून तोडलेले होते. मेलेलं माणूस उठून चालायला लागू नये, घराजवळच राहावं किंवा भूत होऊन भटकू नये, असा त्याचा अर्थ अभ्यासक लावतात.

आता सुमेरकडे पाहू. ब्रिटिश उत्खननकार लिओनार्ड वुली १९२२ ते १९३४ अशी बारा वर्षं उर खणत होता. उरची सामान्य माणसांची घरं त्याने मोकळी केली, तेव्हा जमिनीखाली घराण्याची थडगी आणि त्यांच्या आसपास मातीच्या भांड्यांत ठेवलेली तान्ही बाळं निघाली. त्याच घरांत छोटं देवघर असे, बाळं त्याच्याजवळ. हजारो मैलांच्या अंतरावर, एकमेकांना न पाहिलेल्या दोन आयांनी आपलं मेलेलं लेकरू गावाबाहेर नेऊ दिलं नाही. आपल्या चुलीजवळ, आपल्या पायाखाली ठेवलं.

इनामगावच्या आईने असं का केलं, ते तिने लिहून ठेवलं नाही. सुमेरमध्ये मात्र याला शब्द मिळाले. गिल्गमेश, त्याचा सोबती एन्किडू आणि पाताळ यांची एक सुमेरी कथा आहे. एन्किडू पाताळातून परततो आणि गिल्गमेश त्याला एकेकाची हालहवाल विचारतो. पाताळ म्हणजे धुळीचं, अंधाराचं गाव. तिथे माणसाची गत त्याला मागे किती मुलगे आहेत यावर ठरते, कारण पाणी आणि अन्न अर्पण करणारे तेच. एक मुलगा असणारा रडतो, सात मुलगे असणारा देवांच्या पंगतीजवळ बसतो, निपुत्रिकाला विटेसारखी कडक भाकर मिळते. शेवटी गिल्गमेश विचारतो, जन्म न पाहताच गेलेल्या माझ्या लेकरांचं काय? एन्किडू सांगतो, ती सोन्या-चांदीच्या चौरंगाशी तूप आणि मध खात खेळत आहेत.

त्या अंधाऱ्या पाताळातल्या मोजक्या सुखी जिवांत ही लेकरं. कठोर देवांच्या त्या धर्मात आयांसाठी ही एक जागा कोणा कवीने राखून ठेवली. तोटीचं भांडं आणि मण्यांची माळ देऊन मूल पुरणाऱ्या आपल्याकडच्या आईच्या मनात काही वेगळं असेल, असं मला वाटत नाही.

मृतांना पाणी द्यायची रीत दोन्हीकडे होती. सुमेर आणि बाबिलोनचे लोक ठरल्या दिवशी पूर्वजांची नावं घेऊन अन्न ठेवत, जमिनीत पाणी ओतत. पाणी न मिळालेला मृत भूत होऊन घरच्यांना पिडतो, अशी समजूत होती. खानदेशात अक्षय्य तृतीयेला, म्हणजे आखाजीला, घरोघर मातीची घागर पाण्याने भरून पितरांच्या नावाने पुजतात, वर फळ ठेवतात, निखाऱ्यावर आगारी टाकतात. वैशाखाच्या उन्हात गेलेल्या माणसाला तहान लागली असेल, ही त्यामागची कळकळ. आखाजीची घागर टेकवाड्याच्या मडक्यापासून अखंड चालत आली, असं सिद्ध करता येत नाही आणि तसं म्हणूही नये. पण जिवंत आणि मृत यांच्यामध्ये मातीचं भांडं असतं, ही खूण त्याच नद्यांच्या काठी दोन्ही टोकांना आहे.

डोकं नसलेली देवी

या शेतकऱ्यांची एक देवी मात्र आपल्याला प्रत्यक्ष भेटली आहे. इनामगावच्या एका घरात जमिनीखाली मातीची झाकणाची पेटी सापडली. पेटीत कच्च्या मातीची एक स्त्री होती, तिला डोकं नव्हतं. पेटीवर आणखी एक स्त्रीमूर्ती आणि सोबत एक बैल. बिनडोक्याच्या मूर्तीच्या पोटाला भोक होतं, बैलाच्या पाठीलाही होतं. काडी घालून जोडलं की देवी बैलावर बसत असे. काळ सुमारे इ.स.पू. १३००.

उत्खनन करणाऱ्यांनी तिला प्रजननाची, मुलाबाळांची देवी मानलं. ज्या गावात इतकी लहान मुलं दगावत, तिथे अशी देवी घरात असणं साहजिक आहे. तिला डोकं का नाही? पुढे दीड हजार वर्षांनी महाराष्ट्रात तेर, भोकरदन अशा ठिकाणी शीर नसलेल्या, प्रसूतीच्या आसनातल्या लज्जागौरीच्या मूर्ती मिळतात. रा. चिं. ढेरे यांनी या देवीवर ग्रंथच लिहिला. जिथून जन्म येतो ते शरीर हीच देवी, चेहऱ्याची गरज नाही, असा काही भाव त्यात असावा.

इनन्नेला चेहरा होता, अलंकार होते, सिंह होता, सारगॉनची लेक एन्हेदुआना हिने तिच्यावर रचलेली स्तोत्रं होती. एन्हेदुआना उरच्या चंद्रमंदिराची मुख्य पुजारीण. ज्यांचं नाव आपल्याला माहीत आहे अशा जगातल्या कवींत ती पहिली गणली जाते. आपल्या देवीला स्तोत्र नाही, नाव नाही, डोकंही नाही. पण तिच्या भक्ताने तिच्यासाठी पेटी केली, झाकण केलं आणि घराच्या जमिनीत जपून ठेवलं. त्या पेटीत भक्ती स्तोत्राइतकीच स्पष्ट दिसते.

देव नुसते घरात नव्हते, गावातही होते. श्रीरामपूर तालुक्यातल्या दायमाबादला सर्वांत खालचा थर सावळदा संस्कृतीचा आहे, म्हणजे खानदेशशी सगोत्र. वरच्या माळवा संस्कृतीच्या थरात मातीचे ओटे आणि अग्निकुंडांसारख्या रचना मिळाल्या. १९७४ साली तिथे झाडाचं खोड खणताना एका भिल्ल गावकऱ्याला चार जड ओतीव प्राणी-प्रतिमा सापडल्या. बैलजोडीच्या रथात उभा पुरुष आणि रथाच्या दांडीवर कुत्रा, शिवाय हत्ती, गेंडा आणि रेडा. सगळ्यांचं मिळून वजन साठ किलोहून अधिक. त्यांच्या काळाबद्दल अभ्यासकांत वाद आहेत. रथातल्या पुरुषात काहींना पशुपती दिसला. चाकांवर बसवलेले हे प्राणी मिरवणुकीत ओढले जात असावेत, असं पाहताक्षणी वाटतं. पोळ्याला मातीचे बैल पुजणाऱ्या मुलखाला तरी ते परके वाटणार नाहीत.

ओस पडलेली गावं

इ.स.पू. २००४ मध्ये एलामच्या सैन्याने उर उद्ध्वस्त केलं. त्याआधी दुष्काळ, नापिकी आणि टोळ्यांचे हल्ले यांनी राज्य खिळखिळं झालं होतं. सुमेरी कवींनी या विनाशावर दीर्घ विलापिका रचल्या. उरच्या विलापिकेत नन्नाची पत्नी निंगल देवसभेपुढे आपल्या नगरासाठी रडते, विनवते. देवसभा ऐकत नाही. राज्य कोणालाच कायमचं दिलेलं नाही, एवढंच उत्तर दुसऱ्या एका विलापिकेत मिळतं. मग देव आपापली देवळं सोडून निघून जातात. नगर पडलं याचं कारण देव हरले हे नव्हतं, देव उठून गेले हे होतं, अशी त्यांनी आपली समजूत घातली.

हजारएक वर्षांनी, इ.स.पू. १००० च्या सुमारास, तापी आणि गोदावरीच्या खोऱ्यांतल्या जोर्वे वस्त्याही बहुतेक ओस पडल्या. पाऊस कमी होत गेला, असं ढवळीकरांनी मांडलं. इनामगाव आणखी काही शतकं तगलं, पण घरं लहान झाली, शेतीपेक्षा शिकार आणि मेंढ्या-शेळ्यांवर भर आला. इथे कोणी विलापिका लिहिली नाही. पण आपलं गाव, जमिनीखालची लेकरं आणि पेटीतली देवी मागे सोडून जाणाऱ्या माणसांनी देव उठून गेले असं म्हटलं नसेल का?

बहाळची भवानी

गावं पुन्हा वसली, देव पुन्हा आले, नव्या नावांनी. बहाळलाच शके ११४४ म्हणजे १२२२ सालचा शिलालेख आहे. यादव राजा सिंघणाचा ज्योतिषी अनंतदेव, भास्कराचार्यांच्या घराण्यातला, याने तिथे भवानीचं देऊळ बांधलं. गिरणेच्या ज्या पांढरीत ताम्रपाषाणयुगाची खापरं होती, तिथे देवीची नाममुद्रा शेवटी दगडावर उमटली. त्याच तालुक्यात पाटण्याला भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याच्या मठाला दान दिल्याचा लेख आहे, शके ११२८ चा. भास्कराचार्यांच्या ग्रंथांचा अभ्यास चालावा म्हणून हा मठ. ते ग्रंथ वर्तुळाचे ३६० अंश, अंशाच्या ६० कला, कलेच्या ६० विकला मोजतात. साठाच्या पटीत मोजायची ही पद्धत मुळात सुमेरी. ती बाबिलोनच्या ज्योतिषांनी वाढवली, ग्रीकांनी उचलली आणि त्यांच्याकडून भारतीय ज्योतिषात आली. सुमेरचे देव इथवर पोचले नाहीत, पण त्यांच्या देवळांत धान्य आणि दिवस मोजणाऱ्या कारकुनांचं गणित पाटण्याच्या मठात शिकवलं गेलं. देवाण-घेवाण होते ती अशी, शतकांच्या हातांतून.

आणि श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी खानदेशात आजही कानबाई बसते. नारळाला डोळे, नथ, साज चढवून चौरंगावर देवी मांडतात. रात्र जागवतात, अहिराणी गाणी म्हणतात, भाऊबंद एकत्र येऊन रोट खातात आणि सोमवारी तिला नदीवर पोचवतात. तिचं कुठलं मोठं पुराण नाही. ती बायकांच्या गाण्यांत राहते. बिनलिपीचा धर्म कसा जगतो, हे कावठ्याच्या त्या माणसांना विचारता येत नाही, पण कानबाईच्या रात्री जागणाऱ्या आजीला विचारता येतं.

सुमेरची देवळं आज पडीक टेकाडं आहेत. एन्लिल किंवा इनन्नेपुढे दिवा लावणारं कोणी उरलं नाही. तरी त्यांचं सगळं आपल्याला वाचता येतं, कारण त्यांनी ते भाजलेल्या मातीत लिहिलं. आपल्याकडे पूजा चालू राहिली, आरंभाची पानं मात्र हरवली. ती पानं पांढरीत आहेत. मडकं, मणी, मातीची पेटी, हाडांची दिशा, हीच त्यांची अक्षरं. दुर्दैवाने हीच पांढरी माती खत म्हणून ट्रॅक्टरने शेतात टाकली जाते, विटांना जाते, रस्त्याच्या भरावात पडते. पाटीवरची अक्षरं पुसावीत तशी ही अक्षरं दर उन्हाळ्यात पुसली जात आहेत.

तेव्हा खानदेशातल्या वाचकांना विनंती आहे. शेतात किंवा नदीकाठच्या टेकाडावर काळ्या रंगाने चितारलेलं तांबडं खापर दिसलं, राखेचा थर उघडा पडला, तर माती उचलणं थांबवा. राज्याच्या पुरातत्त्व खात्याला कळवा, धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळात जाऊन सांगा, निदान गावच्या शाळेतल्या गुरुजींना दाखवा. आणि कुदळीला तोंडाला तोंड लावून ठेवलेली दोन मडकी लागली, तर हात तिथेच आवरा. त्यांत कोणाचं तरी लेकरू आहे.